खरिपाची सुगी लहान मुलांना सोबत घेऊन कशी टिकवावी

दसऱ्याच्या आगेमागे कोरडवाहू शेतावरचं घर धान्याने भरून जातं. मूग आधीच घरात आलेला असतो, बाजरीची कणसं खुडून खळ्यावर पडलेली असतात, भुईमूग उपटायला झालेला असतो आणि मटकी-हुलगा मागून येतच असतात. बांधावर लाल भोपळे, परसात गवार, भेंडी, कारली. याच दिवसांत घरातली तीन-चार-सहा वर्षांची मुलं पायात घोटाळत असतात, कारण शाळेला सुट्टी लागलेली असते किंवा अजून शाळाच सुरू झालेली नसते. शहर सोडून नुकतंच गावी राहायला आलेल्या किंवा पहिल्यांदाच स्वतःचं धान्य स्वतः साठवणाऱ्या आईबापांना प्रश्न पडतो की मुलांना सांभाळायचं की सुगी सांभाळायची.

दोन्ही एकत्र होतं. धान्य टिकवणं म्हणजे त्यातलं पाणी काढणं आणि ते परत आत जाऊ न देणं. पाणी उरलंय की नाही हे ओळखायला कान, दात, बोटं आणि डोळे लागतात, आणि ते मुलांकडे आपल्यापेक्षा ताजे असतात. म्हणून मुलांना नुसतं 'हे धर, ते दे' करू नका. तपासायचं काम त्यांच्याकडे द्या. शेंग वाजते का, दाणा दाताखाली फुटतो का, बरणीला आतून दव आलंय का, हे सांगायला पाच वर्षांचं मूल पुरेसं आहे, आणि ते काम खोटं नाही. त्याने 'अजून ओलं आहे' म्हटलं तर धान्य खरंच आणखी एक दिवस उन्हात ठेवा. एकदा का त्याचं म्हणणं मानलं गेलं, की पुढच्या वेळी ते हाक मारायच्या आत येऊन बसतं.

आधी ठरवा: काय ठेवायचं, काय विकायचं

पहिल्याच वर्षी सगळं टिकवायला जाऊ नका. सोयाबीन बाजाराला जाईल, मक्याचा बराचसा भागही जाईल. घरच्यासाठी एक तृणधान्य, एक-दोन कडधान्यं, शेंगा, एखादी वाळवलेली भाजी, लिंबाचं लोणचं आणि पुढच्या वर्षाचं थोडं बियाणं एवढंच धरा. महिन्याला घरात किती बाजरी, किती मूग लागतो ते आधी कागदावर मांडा. साठवणीची भांडी मोठी एक घेण्यापेक्षा लहान तीन-चार घ्या, कारण कोठीचं झाकण जितक्या वेळा उघडतं तितकी आत हवा, दमटपणा आणि किडा जातो.

परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. त्यानंतर जे कडक ऊन पडतं, तीच आपली खरी भट्टी. काढणीचा दिवस आपल्या हातात पूर्ण नसतो, पण वाळवणीची जागा, ताडपत्री आणि झाकायची सोय मात्र आधी तयार ठेवता येते. ढग दिसल्यावर ताडपत्री शोधायला लागलात तर शेंगा भिजल्याच म्हणून समजा.

मुलांना कुठे येऊ द्यायचं नाही

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मळणी यंत्र चालू असताना मूल खळ्यावर नको. 'लांब बसवलंय' हे पुरत नाही, कारण मूल लांब बसत नाही. त्या दोन-तीन तासांसाठी घरातलं एक मोठं माणूस फक्त मुलांसाठी मोकळं ठेवा, आजी असेल तर उत्तम, नाहीतर शेजारच्या काकूंना सांगा. ट्रॅक्टर मागे घेताना चालकाला मागचं लहान मूल दिसत नाही. ट्रॉलीतल्या किंवा खोलीतल्या सुट्या धान्याच्या राशीवर मुलांना खेळू देऊ नका. रास खालून ओढली जात असताना मूल आत खचलं तर छातीवर धान्याचा दाब येऊन श्वास कोंडतो, आणि त्याला उपसून काढायला मोठ्या माणसाचीही ताकद कमी पडते.

उपटून टाकलेल्या भुईमुगाच्या वेलांखाली, कडब्याच्या गंजीत, बांधावरच्या दगडांत साप आणि विंचू असतात. सुगीच्या दिवसांत उंदीर धान्यामागे येतात आणि साप उंदरांमागे. वेलाचा ढीग मोठ्यांनी काठीने हलवून, उलटून घ्यायचा, मगच मुलांनी शेंगा तोडायला बसायचं. पायात बूट हवेत. सर्पदंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, दोरीने घट्ट बांधणं यात वेळ घालवू नका. मुलाला शांत ठेवा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सर्पदंशावरची लस असलेलं रुग्णालय गाठा. जवळ कुठल्या रुग्णालयात ती मिळते हे सुगीच्या आधीच विचारून ठेवा.

घरातल्या घरात दोन धोके असतात, ते कुणी सांगत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे खायला देऊ नयेत. दाणा श्वासनलिकेत अडकतो. कूट द्या, लाडू द्या, पण शेंगा फोडता फोडता तोंडात टाकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाकडे लक्ष ठेवा. दुसरं म्हणजे मूग, हुलगा, मटकी हे दाणे मुलं नाकात किंवा कानात घालतात. तसं झालं तर चिमट्याने ओढू नका, पाणी किंवा तेल ओतू नका. कडधान्य ओलं झालं की फुगतं आणि घट्ट बसतं. सरळ डॉक्टरकडे जा.

आणि गोळ्या. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गावागावांत मिळतात, त्या मुलं असलेल्या घरात आणायच्याच नाहीत. दमट हवेत त्यातून विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जातो. बोरिक पावडरही खायच्या धान्यात नको. या दोन्हींशिवाय धान्य वर्षभर नीट राहतं, ते कसं हे पुढे येतंच आहे.

भुईमूग: शेंगेचा आवाज ऐका

सुरुवात शेंगांपासून करा, मुलांसाठी याहून चांगलं काम नाही. उपटलेले वेल शेंगा वर आणि पाला खाली असे उलटे करून दोन-तीन दिवस शेतातच सुकू द्या. नुकत्या उपटलेल्या शेंगेत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी असतं. ते आठ टक्क्यांपर्यंत उतरवायचं असतं, तेव्हाच शेंग साठवणीला योग्य होते.

मग वेल झटकून, उलटून बघून, शेंगा तोडायला बसा. चार वर्षांच्या मुलाला स्वतःची एक छोटी पाटी द्या. तोडलेल्या शेंगा अंगणात किंवा माळवदावर पातळ पसरा, दोन बोटांपेक्षा जाड थर नको. सकाळी नऊच्या सुमारास पसरायच्या, दिवसातून तीन-चारदा हाताने फिरवायच्या आणि ऊन उतरायच्या आत गोळा करून झाकायच्या. या दिवसांत रात्री दहिवर पडतं. दिवसभर काढलेलं पाणी एका रात्रीत परत आत जातं, आणि नवीन माणसं नेमकी इथे चुकतात. गोळा करायची वेळ मुलांना सूर्यावरून ठरवून द्या, 'सावली तुमच्याएवढी झाली की हाक मारा' असं सांगा. सावली आपल्या उंचीएवढी होते तेव्हा दुपारचे अडीच-तीन होतात. तिथून हळूहळू आवरायला घेतलं की ऊन असतानाच काम उरकतं.

चार-पाच दिवसांनी तपासणी सुरू करा. मुलाच्या कानाजवळ एक शेंग धरून हलवा. ओल्या शेंगेत दाणा टरफलाला चिकटलेला असतो, ती मुकी असते. वाळलेली खुळखुळते. मुलाला पाटीतल्या दहा शेंगा निवडायला सांगा, मधल्या, कडेच्या, खालच्या, आणि एकेक वाजवून दोन ढीग करायला लावा. आठ-नऊ वाजल्या तर दुसरी खूण बघायची. एक शेंग फोडून दाणा अंगठा आणि तर्जनीत चोळायचा. गुलाबी साल सुटून आली आणि दाणा मोडताना कटकन आवाज झाला, तर झालं. साल चिकटून राहिली तर अजून दोन उन्हं द्या.

भुईमुगाच्या बाबतीत एवढा आग्रह धरायला कारण आहे. शेंग ओली राहिली की तिच्यात हिरवट-पिवळी बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला मारक आहे, लहान मुलांना जास्त, आणि भाजून किंवा उकडून ते पूर्ण जात नाही. म्हणून काळवंडलेल्या, सुरकुतलेल्या, किडक्या, फुटलेल्या शेंगा वेगळ्या काढा. हे काम सहा-सात वर्षांच्या मुलांना छान जमतं, त्यांची नजर बारीक असते. फक्त निवडून झाल्यावर हात साबणाने धुवायला लावा. बुरशीच्या शेंगा गाई-म्हशीलाही घालू नका, ते विष दुधात उतरतं. खड्ड्यात पुरून टाका.

चांगल्या शेंगा टरफलासकटच साठवा. टरफल हेच सगळ्यात उत्तम वेष्टण आहे. दाणे लागतील तसे, आठवड्याचे फोडा.

मूग, मटकी, हुलगा

काळ्या झालेल्या शेंगा सकाळी, हवेत थोडा गारवा असतानाच तोडायच्या, म्हणजे तडकून दाणे शेतात सांडत नाहीत. ताडपत्रीवर वाळवा. उन्हात त्या आपोआप तडकायला लागतात आणि मुलं तो आवाज ऐकत बसतात. मग काठीने बडवायचं, त्यासाठी मुलांना वेगळी, हलकी काठी आणि वेगळा कोपरा द्या. उफणणी आणि पाखडणी मोठ्यांची, कारण भुसा डोळ्यांत जातो. सूप धरायची हौस असेलच तर मुलाला छोटं सूप आणि मूठभर निवडलेले मूग द्या, भुसा असलेले नकोत.

कडधान्याचा खरा वैरी भुंगा. तो बहुतेकदा शेतातूनच येतो. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते, आणि नीट बघितलं तर मुगाच्या हिरव्या सालीवर खसखशीपेक्षाही लहान पांढरे ठिपके दिसतात. अळी दाणा आतून खाते आणि महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. म्हणजे भोकं दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. मुलांच्या हातात भिंग द्या आणि पांढरे ठिपके असलेले दाणे शोधायला सांगा. माझ्या मते सुगीत शिकवण्यासारख्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात मोलाची आहे.

ठिपके दिसले तर ऊन हाच उपाय. जमिनीवर काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरा, त्यावर मूग एक बोटभर जाडीने पसरा, वरून पारदर्शक कागद टाका आणि कडा विटांनी दाबा. सकाळी अकरा ते चार कडक उन्हात ठेवलं की आतलं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं आणि अंडी-अळ्या मरतात. हे खायच्या मुगासाठी. बियाण्याला एवढा ताप नको.

त्यानंतर रात्रभर घरात झाकून गार होऊ द्या आणि मग तेल चोळा. एक किलोला चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण पाच मिली, एरंडेल किंवा शेंगदाण्याचं तेल. परातीत पाच किलो मूग, वर पाच चमचे तेल, आणि भोवती दोन-तीन मुलं. खाली-वर करत, मुठीत घेऊन सोडत, प्रत्येक दाण्याला हात लागेपर्यंत चोळायचं. सुरुवातीला काही दाणे चकचकीत आणि काही मातकट दिसतात. सगळे सारखे चमकायला लागले की काम झालं, हे मुलंच सांगतात. तेलाच्या पातळ थराने अंडी गुदमरतात आणि नवीन अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत. दिवसभर सावलीत पसरून मग डब्यात भरा. उसळ करताना आधी कोमट पाण्याने धुतलं की तेल निघून जातं.

काही घरांत सगळ्या मुगाची लगेच डाळ करून ठेवतात. तेही चांगलं, कारण भुंग्याला अख्खा दाणा लागतो. पण मोड आणायचे असतील तर अख्खेच हवेत.

बाजरी, आणि मिठाची बाटली

खुडलेली कणसं चार-पाच दिवस वाळवून मळणी करा, मग दाणे पुन्हा दोन-तीन उन्हं द्या. बाजरी साठवायची तर ओलावा बारा टक्क्यांवर नको. मोजायचं यंत्र घरात नसतं, पण दात असतात. दाणा समोरच्या दातांखाली धरून दाबला आणि 'कट' आवाज होऊन तुकडे झाले तर वाळलाय, चेपला गेला तर ओला.

दुसरी चाचणी मुलांना फार आवडते. काचेची कोरडी, पारदर्शक बाटली घ्या. मीठ कढईत भाजून गार करा, म्हणजे ते पूर्ण कोरडं होतं. बाटलीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बाजरी घाला, वर दोन-तीन चमचे मीठ, झाकण घट्ट लावा आणि मुलाच्या हातात द्या. दोन मिनिटं हलवायचं आणि पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवायचं. काचेला आतून मीठ चिकटलं तर धान्यात पंधरा टक्क्यांहून जास्त पाणी आहे, परत उन्हात. मीठ सुटं खाली पडलं तर पंधराच्या खाली आलंय. मात्र तेवढ्यावर थांबू नका. आणखी दोन उन्हं देऊन मगच भरा. हीच चाचणी मक्याला आणि मुगालाही चालते.

बाजरीचं पीठ मात्र साठवायचं नसतं. या धान्यात तेलाचा अंश बराच असतो आणि दळल्यावर ते लवकर खवट होतं, भाकरी कडू लागते. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा.

कोठी भरताना

उन्हातून आणलेलं गरम धान्य तसंच डब्यात भरू नका. आत घाम धरतो आणि वरच्या थराला बुरशी येते. रात्रभर पातळ झाकून गार होऊ द्या, सकाळी भरा. पत्र्याची कोठी, प्लॅस्टिकचा पिंप, जुनी माठांची उतरंड, काहीही चालेल, पण आत मागच्या वर्षाचा एकही दाणा नको. कोठी रिकामी करून, पुसून, दिवसभर उन्हात उघडी ठेवा. लहान मुलाचा हात कोठीच्या तळाच्या कोपऱ्यात पोचतो, त्याला फडकं देऊन तिथलं साफ करायला सांगा. मात्र पूर्ण वेळ तुम्ही शेजारी उभे राहा, झाकण बाजूला काढून ठेवा, आणि मूल आत उतरणार नाही हे बघा. रिकाम्या कोठीत लपायची मुलांना हौस असते, आणि बंद कोठीत हवा फार वेळ पुरत नाही. पोती पुन्हा वापरायची असतील तर उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवा.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून. हिरवा पाला घातला तर कीड जायच्या आधी ओल येते. वाळलेल्या पाल्याचा एक थर तळाशी, एक मध्ये, एक वर. डबा गच्च भरा, काठोकाठ. आत हवा जितकी कमी तितका किडा गुदमरतो. अर्धा डबा ठेवण्यापेक्षा छोटा डबा भरून ठेवा. झाकणाच्या खाचेत जुन्या सुती साडीची पट्टी दाबून बसवा. पोती आणि कोठ्या जमिनीवर नाहीत, लाकडी फळ्यांवर किंवा विटांवर, आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. म्हणजे भिंतीची ओल लागत नाही आणि उंदराचा मार्ग दिसतो.

डब्यावर कागद चिकटवा: काय आहे, कुठल्या शेतातलं, कधी भरलं. लिहिता येणाऱ्या मुलाने लिहावं, न येणाऱ्याने शेंगेचं किंवा कणसाचं चित्र काढावं. चित्र असलं की स्वयंपाकघरात डबा आणायला त्यालाही पाठवता येतं.

भाज्या, भोपळे आणि लिंबू

गवारीच्या कोवळ्या शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून निथळा आणि कापडावर पसरा. कारल्याच्या आणि वाळकाच्या काचऱ्या पातळ कापा. कापणं मोठ्यांचं, पसरणं मुलांचं. एकावर एक न ठेवता ओळीत मांडणं तीन वर्षांच्या मुलाला बराच वेळ गुंतवतं. वरून मलमल किंवा जुनी पातळ साडी टाका, माश्या बसत नाहीत. मेथी मात्र सावलीत वाळवा, उन्हात तिचा रंग आणि वास दोन्ही जातात. कोंबड्या हाकलायचं काम कुणाला द्यायचं हे सांगायला नको.

काचरी हातात घेऊन मोडली आणि तुकडा पडला की वाळली. ती लगेच कायमच्या डब्यात नको. आधी आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवा आणि रोज सकाळी मुलाला बघायला सांगा, काचेवर आतून थेंब दिसतात का. दिसले तर सगळ्या काचऱ्या परत उन्हात. आठ दिवस बरणी कोरडी राहिली तर साठवा.

लाल भोपळे काढताना चार बोटं देठ ठेवून कापा आणि देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की तिथून भोपळा सडतो. आठ-दहा दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवून साल घट्ट होऊ द्या, मग घरात पेंढ्यावर एकमेकांना न टेकवता मांडा. पुढचे काही महिने आरामात जातात. भोपळा वेलावर कोवळा असताना मुलाने त्यावर काडीने नाव ओरखडलं असेल तर ती अक्षरं भोपळ्याबरोबर मोठी होतात. पण साल दुखावलेला भोपळा आधी संपवा.

लिंबाचं लोणचं घालायला मोठ्यांपेक्षा मुलं उत्सुक असतात. पातळ सालीची पिवळी लिंबं धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करा. पुसण्याचं काम मुलांचं, आणि ते मन लावून झालं पाहिजे, कारण एका लिंबावर राहिलेलं पाणी अख्खी बरणी नासवू शकतं. एक किलोला पाव किलो मीठ. चार फोडी करा, मिठात घोळून चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत दाबा, धातूचं झाकण टाळा. बोटाला कापलेलं असेल त्या मुलाला मीठ-लिंबाला हात लावू देऊ नका, झोंबतं. रोज बरणी उन्हात ठेवायची, संध्याकाळी हलवून आत आणायची. तीनेक आठवड्यांत साल मऊ होते. मिरची आणि गूळ हवा असेल तर त्यानंतर, आणि ते मोठ्यांनीच. मिरचीचा हात डोळ्याला लागला की मुलाची सुगी तिथेच संपते.

बियाणं

हे काम काढणीच्या आधीच सुरू करावं लागतं. बाजरी उभी असताना मुलाला घेऊन शेताच्या मधोमध जा आणि लांब, गच्च भरलेली, निरोगी कणसं निवडून त्यांना रंगीत चिंध्या बांधा. बाजरीत परागकण वाऱ्याबरोबर शेजारून येतात, म्हणून कडेची कणसं नकोत. बियाणं विकत आणलेलं संकरित असेल तर त्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही. मूग, मटकी, हुलगा यांचं गावरान बी मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं, पहिल्या वर्षी तिथूनच सुरुवात करा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणं अशीच घरगुती पद्धतीने जपली, वाटली, आणि 2020 सालचा पद्मश्री सन्मान त्यांना त्यासाठी मिळाला. मुलांना त्यांच्याबद्दल जरूर सांगा. शाळेची पायरी न चढलेली एक बाई मडक्यांमधून एवढा ठेवा सांभाळते, हे ऐकल्यावर मुलं मडक्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

पद्धत अशी. शेणीची राख पूर्ण गार झाल्यावर मोठ्यांनी चाळायची. चूल विझली तरी राखेत निखारा तासन्‌तास राहतो, म्हणून मुलांच्या हातात आदल्या दिवशीची राखच द्या. सावलीत नीट वाळवलेलं बी आणि तेवढीच राख एकत्र कालवा. मडक्यात आधी राखेचा थर, मग कालवलेलं बी, वरून दोन बोटं राख. तोंडावर कापड बांधून शेण-मातीने लिंपा. लिंपायला मुलांना बोलवावं लागत नाही. मडकं घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. बाजरीची निवडलेली कणसं तशीच आढ्याला, चुलीच्या धुराच्या वाटेवर टांगली तरी चालतात.

खाण्याच्या डब्यांची पाहणी मात्र पावसाळ्यापर्यंत दर महिन्याला एकदा करा. झाकण उघडून वास घ्या, हात खोलवर घालून आत ऊब लागते का बघा. धान्य आतून गरम लागलं तर कीड किंवा ओल आहे, त्याच दिवशी उन्हात काढा.

मे महिन्यात, पेरणीच्या आधी, बियाण्याचं मडकं फोडा. राख चाळून मुगाचे दहा दाणे घ्या, ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात ओळीने मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांनी मुलाला उलगडून मोजायला सांगा. आठ किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा, सहा-सात उगवले तर बी थोडं दाट टाका. पाच किंवा कमी आले तर राख धुऊन ते मूग उसळीला घ्या आणि बियाण्यासाठी वेळेत शेजारी कुणाकडे गावरान मूग आहे का ते विचारा.